तक्रार माझी, फोन करमाडला

विभागाच्या सराव खोलीत दोन खुर्च्या होत्या, एकमेकींकडे किंचित वळवलेल्या. मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा, आणि समोरच्या भिंतीवर पाटी: ‘येथे बोललेले येथेच राहते.’ समुपदेशनाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला त्या पहिल्याच आठवड्यात या पाटीवर आम्हाला तासभर व्याख्यान ऐकवलं गेलं होतं. समोर बसलेल्या माणसाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कोणाच्याही, अगदी त्याच्या आईवडिलांच्याही, कानावर जाता कामा नये. ते वाक्य मी वहीत लाल शाईनं लिहून घेतलं होतं.

तिसरं सेमिस्टर संपत आलं असताना, डिसेंबरातल्या एका सकाळी, त्याच खोलीच्या दाराच्या काचेतून मला आत माझे वडील बसलेले दिसले.

अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मांडीवर दोऱ्यानं बांधलेला पेढ्यांचा खोका होता आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. समोर आमचे विभागप्रमुख. समुपदेशकाच्या खुर्चीत सर, क्लायंटच्या खुर्चीत अण्णा, आणि ज्या व्यक्तीविषयी बोलणं चाललं होतं ती बाहेर, व्हरांड्यात. मी दार न ठोठावता उघडलं.

“अरे, ये. बरं झालं आलीस,” सर म्हणाले. “वडिलांशी जरा बोलत होतो.”

“कशाबद्दल, सर?”

“तुझ्याबद्दलच. घाबरू नको. प्रात्यक्षिकात थोडी अडचण आहे. अशा वेळी पालकांना विश्वासात घेतलेलं बरं असतं.”

“अडचण माझ्या प्रात्यक्षिकात आहे?”

“हो.”

“मग ती मला कधी कळणार होती?”

सरांनी अण्णांकडे असं पाहिलं, जणू त्यांचा मुद्दा मीच सिद्ध करून दिला होता. अण्णांनी मान खाली घातली.

“माफ करा, सर,” ते म्हणाले. “लेकरू हाय. जरा तोंडाळ हाय लहानपणापासून.”

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पदवी रसायनशास्त्राची, विद्यापीठात क्रमांक मिळवलेली. वाळूजच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं नोकरी करून, त्याच पगारातून साठवलेल्या पैशांवर मी या अभ्यासक्रमाला आले होते. आणि माझ्या अडचणीविषयी माझ्याऐवजी माफी मागायला करमाडहून माझ्या वडिलांना बोलावलं गेलं होतं.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबरच घरी निघाले. सिडको बसस्थानकावरून आम्ही गाडी पकडली. जालना रोडला लागल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मला वाटलं, पयला नंबर आला तुझा.”

“तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?”

“एवढंच. मुलीच्या संदर्भात बोलायचं हाय, येऊन जा. मागं शाळंनं असंच बोलावलं व्हतं, दहावीच्या बक्षिसाला. म्हणून म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जावं.”

खोका तिथंच राहिला होता. निघताना त्यांनी तो सरांच्या टेबलावर ठेवला आणि सर “याची काय गरज होती” म्हणाले.

“पण नेमकं चुकलं काय तुझं?” अण्णांनी विचारलं.

“मला माहीत नाही.”

“असं कसं? सर म्हणले, एक वर्ष थांबवावं लागंल. नायतर दुसरा विषय घ्यावा. मुलीच्या स्वभावाला हे झेपत नाय म्हणले. म्हणले, घरीही तुम्ही तिच्या लग्नाचं काही बघत असालच.”

“तुम्ही विचारलं नाही, नेमकं काय झेपत नाही?”

“मी काय इचारू? मला त्यातलं काय कळतंय?”

हेच मला सर्वांत असह्य झालं. ज्याला त्यातलं काही कळत नव्हतं त्याला सगळं सांगितलं गेलं; जिला कळलं असतं तिला काहीच नाही. तिसऱ्या सेमिस्टरच्या प्रात्यक्षिकावर ‘समाधानकारक’ असा शेरा पडला तरच चौथ्या सेमिस्टरला बसता येत असे. तो शेरा पडणार नाही, हे माझ्याखेरीज बहुधा सगळ्यांना ठाऊक होतं.

‘सगळ्यांना’ या शब्दाची व्याप्ती घरी पोहोचताच वाढली. काका ओट्यावर बसले होते. अण्णांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि काकांनी जणू वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं.

“आता तरी ऐका. लासूर स्टेशनच्या लोकांना किती दिवस थांबवायचं? घरची आडत हाय, पोरगं सोन्यावाणी हाय. शाळावालेच म्हणतेत जमत नाय, मग आपण कशाला हट्ट धरायचा?”

“शाळा नाही, काका. एम.ए. आहे.”

“तेच ते. जमत नाय ते नाय.”

अण्णांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता: शेरा आला तर शिक्षण, नाही आला तर लासूर स्टेशन. विभागप्रमुखांनी कदाचित सहज म्हणून केलेल्या त्या फोनमुळे माझ्या प्रात्यक्षिकाचा निकाल लग्नाच्या बोलणीतला मुद्दा होऊन बसला होता. आपल्या एका वाक्याचे समोरच्याच्या घरात काय परिणाम होतील, याचा अंदाज घेणं हे समुपदेशकाचं पहिलं कौशल्य, असं त्यांच्याच टिपणांत होतं.

माझा राग समजायचा तर कारखान्यातल्या कामाविषयी थोडं सांगावं लागेल. एखाद्या बॅचच्या गोळीतल्या औषधाचं प्रमाण मर्यादेबाहेर आलं तर ती बॅच लगेच नापास होत नसे. आधी उपकरण नीट होतं का ते बघायचं, मग तपासणाऱ्याच्या हातून चूक झाली का ते, मग नमुना बरोबर घेतला होता का ते. हे सगळं लेखी, तारखेनिशी, सहीनिशी. त्यानंतर पुन्हा तपासणी. ‘या बॅचचा स्वभाव बरा वाटत नाही’ असं कोणी लिहिलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पॅरासिटामॉलच्या एका गोळीला मिळणारा हा न्याय मला मिळाला नव्हता, आणि तेही माणूस समजून घेण्यावर उभ्या असलेल्या विषयात.

सोमवारी वर्गात शिरण्यापूर्वी मी सिल्लोडच्या माझ्या मैत्रिणीला गाठलं. आमच्या वर्गात माझ्याशी भांडण्याची हिंमत फक्त तिच्यात होती.

“तुझ्या कानावर काही आलंय, माझ्या प्रात्यक्षिकाबद्दल?”

“हौ. सबको मालूम है.”

“सगळ्यांना? कसं?”

“तेरी गाइड मॅडम क्लास में बोले ना, दिवाली के पैले. नाम नै लिये. बोले, कुछ लोगां में नरमी नै. सब तेरी तरफ देखे.”

“आणि मी?”

“तू लिखती बैठी थी. वो भी लिख ली होंगी तू.”

मी वही उघडून पाहिली. खरंच लिहिलं होतं: ‘काही प्रशिक्षणार्थींमध्ये मृदुता कमी.’ खाली दोन रेघा.

“एक बात बोलूं, गुस्सा नक्को होना,” ती म्हणाली. “तू सवालां नै पूछती. पंचनामा करती.”

“हे तू मला ऑगस्टमध्ये, प्रात्यक्षिक सुरू झालं तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“मेरा काम था क्या वो?”

तिचं बरोबर होतं. ते तिचं काम नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनी ते वर्गाला सांगितलं, अण्णांना सांगितलं. आमच्या वर्गातला एक मुलगा क्लायंटबरोबरच्या ठरलेल्या सत्रांपैकी निम्म्यांना गेलाच नव्हता. त्याला सरांनी कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला आणि “असं करू नको रे” म्हणून सोडून दिलं. त्याच्या वडिलांना कोणीही बोलावलं नाही. मुलाची अडचण त्याची स्वतःची होती. मुलीची तिच्या घराची.

दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. हातात अर्ज होता, तीन ओळींचा: माझ्या कामाविषयीचे आक्षेप लेखी द्यावेत, ते कोणत्या सत्रातल्या कोणत्या वर्तनाविषयी आहेत ते नमूद करावं, सुधारणेसाठी मुदत द्यावी.

सरांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

“बघ, तू फार लॅबसारखी बोलतेस. ही माणसं घडवण्याची जागा आहे. इथं सगळं लेखी नसतं.”

“सर, लॅबमध्ये गोळी नापास झाली तर गोळीच्या वडिलांना बोलावत नाहीत.”

ते हसले नाहीत. मीही विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

“तुझ्या भल्यासाठीच बोलावलं होतं. एकट्या मुलीला असं काही सांगितलं की ती खचते. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“म्हणजे एखाद्याला अप्रिय गोष्ट समोरासमोर कशी सांगायची, हे आपण दोन सेमिस्टर शिकवता, आणि ती सांगायची वेळ आली की करमाडला फोन करता?”

“आवाज खाली.”

“आवाज खालीच आहे, सर. अर्जाची पोच द्या.”

पोच मिळाली. दोन दिवसांनी आक्षेपही मिळाले, माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या सहीनं. एक: विद्यार्थिनीचा स्वभाव उतावीळ आहे. दोन: वागण्यात आर्द्रता नाही. तीन: क्लायंटशी नातं जुळवण्यात कमी पडते. तारीख नाही, सत्र नाही, एकही वाक्य नाही. कागद हातात धरून मी मॅडमकडे गेले.

मॅडम सगळ्यांना आवडत. त्यांचा आवाज इतका मऊ की रागावल्या तरी अंगाई वाटे. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“मॅडम, मी पाच सत्रांची ध्वनिमुद्रणं आपल्याला दिली होती. यातला तिसरा आक्षेप त्यातल्या कोणत्या सत्रावरून आहे?”

“असं एका सत्रावरून नसतं गं. एकूण.”

“एकूण पाच. ती बघू या का आपण?”

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. माझी पाकिटं वरच्या कप्प्यात होती, एकावर एक, नीट. प्रत्येकात एक पेन ड्राइव्ह आणि क्लायंटचं संमतिपत्र. कारखान्यातली सवय म्हणून मी प्रत्येक पाकीट चिकटवून त्याच्या तोंडावर, अर्धी झडपेवर आणि अर्धी खाली, अशी सही करत असे. कोणी उघडलं तर सही तुटते. मॅडमनी ती टेबलावर ठेवली. मी एकेक उलटी केली.

पाचही सह्या अखंड होत्या.

मॅडम पाकिटांकडे बघत राहिल्या. बाहेर शिपाईमामा कोणाला तरी सांगत होते की झेरॉक्स मशिन आज बंद आहे.

“वेळच मिळाला नाही गं,” शेवटी त्या म्हणाल्या. “तीस मुलं आहेत. प्रत्येकाची पाच. तूच हिशेब कर.”

“मग मला उतावीळ कशावरून ठरवलं?”

“कळतंच की. पहिल्या सेमिस्टरच्या चर्चासत्रात तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं? ‘मॅडम, मुद्द्यावर या.’ सगळ्यांसमोर.”

म्हणाले होते. ते वाक्य उद्धट होतं आणि मला त्याची लाज वाटायला हवी होती, आता वाटते. पण दीड वर्षापूर्वी एका चर्चासत्रात मी मॅडमना जे म्हणाले त्यावरून, एका बंद खोलीत मी एका परक्या मुलीशी कशी बोलते, याचा निष्कर्ष काढला गेला होता. न उघडलेल्या बाटलीवर चवीचा अहवाल.

“आत्ता ऐकू या,” मी म्हटलं. “माझ्यासमोर.”

मॅडमनी स्वतःच्या हातानं पहिलं पाकीट फोडलं. त्यांनी नकार दिला असता तर माझ्याकडे काहीच उपाय नव्हता. तो त्यांनी दिला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं नोंदवते.

मुद्रणात वसतिगृहात राहणारी एक मुलगी होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. ती काय म्हणाली ते मी इथं लिहिणार नाही. ती पाटी माझ्यापुरती अजून भिंतीवर आहे. मी काय करत होते तेवढं लिहिते. ती एक वाक्य बोले आणि थांबे. ती थांबली की लगेच माझा आवाज: केव्हापासून? किती वेळा? त्यानंतर काय झालं? ती पुन्हा अर्धं वाक्य बोले. पुन्हा मी. विसाव्या मिनिटाला ती काहीतरी सांगायला लागली, श्वास घेतला, आणि त्या श्वासात मी पुढचा प्रश्न ठेवला. नंतर सत्र संपेपर्यंत ती फक्त “हो” आणि “नाही” म्हणत राहिली.

“थांबवा,” मी म्हटलं.

मॅडमनी थांबवलं. त्या विजयी दिसल्या नाहीत. मैत्रीण बरोबर होती. मॅडमही बरोबर होत्या, आणि या एका गोष्टीनं माझा राग कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. अंदाज खरा ठरला म्हणून ते मूल्यमापन होत नाही. प्रयोगशाळेत नोंद नसलेला बरोबर आकडाही रद्दच होतो, कारण पुढच्या वेळी त्याच पद्धतीनं चुकीचा आकडा येईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. शिवाय पहिलं पाकीट ऑगस्टमध्ये उघडलं असतं तर उरलेल्या चार सत्रांत त्या मुलीला तिचं वाक्य पूर्ण करता आलं असतं. नुकसान फक्त माझं नव्हतं.

“आता हे दुरुस्त कसं करायचं, ते सांगा,” मी म्हटलं.

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या आणि पहिल्यांदाच त्या मला शिकवायला लागल्या. “ती थांबली की स्वतःचे तीन श्वास मोज. पूर्ण तीन. दोन झाले की तुला वाटेल, आता बोललंच पाहिजे. तेव्हा बोलू नको. आणि हातात पेन घेऊ नको. तुझ्या पेनाची टिकटिक ऐकलीस ना मुद्रणात? तिला वाटतं, तू गुण देते आहेस.”

बस. पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच मिनिटांच्या या मजकुरासाठी अण्णांची सकाळ गेली होती आणि काकांना लासूर स्टेशन पुन्हा आठवलं होतं.

सेमिस्टर संपायला अडीच आठवडे होते. मी लेखी मागितलं आणि मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: आणखी तीन सत्रं, त्या मुलीच्या संमतीनं मॅडम कोपऱ्यात बसणार, प्रत्येक सत्रानंतर त्याच दिवशी मला सांगणार, शेवटी शेरा. विभागप्रमुखांना मी वेगळा अर्ज दिला, की कोणाही विद्यार्थ्याविषयी आक्षेप असल्यास तो प्रथम त्या विद्यार्थ्याला कळवला जावा. त्यावर ‘विचाराधीन’ असा शिक्का बसला. माझ्या माहितीप्रमाणे तो विचार अजून चालू आहे.

पहिल्या सत्रात दुसऱ्या श्वासालाच माझा प्रश्न निसटला. मॅडम नंतर म्हणाल्या, “अडीच झाले होते. बरंय.” दुसऱ्या सत्रात मी हात मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्यात ती मुलगी गप्प झाली आणि मी तीन श्वास मोजले, मग आणखी तीन, मग मोजणं सोडून दिलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. जे ती ऑगस्टमध्ये सांगणार होती ते तिनं त्या दिवशी सांगितलं. मॅडम कोपऱ्यात हलल्याही नाहीत.

शेरे शुक्रवारी लागायचे होते. मी शुक्रवारी सकाळी विभागाच्या पायऱ्या चढत होते तेव्हा फोन वाजला. अण्णा.

“तुझ्या सरांचा फोन आला व्हता आत्ता.”

मी पायरीवरच थांबले. “पुन्हा?”

“व्हय. म्हणले, मुलीच्या संदर्भात...”

“काय म्हणाले ते? पास की नापास?”

“मला ठाऊक नाय.”

“म्हणजे? बोलले ना ते?”

“मी बोलूच दिलं नाय. म्हटलं, सर, पोरगी तिथंच हाय, तुमच्या बाजूच्या खोलीत. मी इकडं तुरीत हाय. जे हाय ते तिला सांगा. अन् ठेवला फोन.” मग त्यांनीच विचारलं, “जास्त बोललो का गं?”

“नाही, अण्णा.”

“बरं. जा मग. अन् त्यांच्या संगं नीट बोल जरा.”

सर खोलीत होते. त्यांचा चेहरा कोणीतरी मधेच फोन ठेवून दिलेल्या माणसाचा होता. त्यांनी ‘बस’ म्हटलं नाही आणि मी बसले नाही.

“माझा शेरा, सर.”

त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्याकडे सरकवला. मॅडमचं अक्षर, तारखेनिशी. आठ सत्रांची यादी, प्रत्येकापुढे दोन ओळी, पहिल्या पाचांपुढच्या ओळी माझ्या विरोधातल्या, आणि तळाशी एक शब्द: समाधानकारक. मी सगळा कागद वाचला, शब्द न शब्द. पोच म्हणून खाली सही केली आणि वेळ घातली.

“अभिनंदन,” सर म्हणाले. “आता हे घरी...”

“मी कळवते, सर,” मी म्हटलं.